एका मदरबोर्डचे डिजिटल ब्रॅकेट दुसऱ्यावर बसवताना

जुने संगणक सुटे करून विकणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांच्या हाती एस/पीडीआयएफ ब्रॅकेट नेहमी येते. कॅबिनेटच्या मागे बसणारी पत्र्याची पट्टी, तिच्यावर आरसीए आणि ऑप्टिकल सॉकेट व आत जाणारी छोटी वायर. ते दुसऱ्या मदरबोर्डवर चालते का? चालते, पण प्लग पिनांवर बसला म्हणजे काम झाले असे समजू नये.

सिग्नल सगळीकडे एकच असला तरी पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठेवते. कुठे चार जागांपैकी एक रिकामी, कुठे तीन पिना, कुठे दोनच. क्रम चुकून 5 व्होल्ट थेट ग्राउंडला मिळाले तर ग्राहकाचा बोर्ड जाईल, आणि तो बोर्ड आपल्याकडे अमानत असतो.

बोर्डचे माहितीपुस्तक असेल तर उत्तमच. नसेल तर संगणकाची वायर भिंतीतून काढावी आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून स्क्रूच्या भोकाशी जी पिन वाजेल ती ग्राउंड समजावी. मग संगणक चालू करून व्होल्ट मोजावेत. स्थिर 5 दाखवते ती पुरवठ्याची पिन. सिग्नलची पिन गाणे चालू असताना पुरवठ्याच्या साधारण निम्मे दाखवते, कारण तिथला व्होल्टेज सतत वर-खाली होत असतो. मीटरची सळई घसरून दोन पिना जुळणार नाहीत एवढे पाहावे. ब्रॅकेटच्या बाजूला आरसीएची बाहेरची कडी म्हणजे ग्राउंड. सिग्नलची वायर मात्र बझरवर वाजेलच असे नाही. मध्ये कपॅसिटर असतो.

क्रम कळला की वायर कापू नये. प्लगमधील प्लास्टिकची जीभ सुईने किंचित उचलली की टर्मिनल मागून निघते. ते योग्य खाचेत सरकवावे.

दोनच पिना असतील तर आरसीए चालेल, ऑप्टिकल चालणार नाही. त्याला वीज लागते. तो भाग 5 व्होल्टचा असल्याची खात्री करून हार्डडिस्कच्या चार तारांच्या जुन्या प्लगमधील लाल तारेवरून वीज घ्यावी. त्याच प्लगमधील पिवळी तार 12 व्होल्टची आहे, तिने तो भाग जळेल.

काही स्वस्त ब्रॅकेटांत नुसत्या वायरी असतात. आरसीएवर 75 ओहमच्या भारात अर्धा व्होल्ट हवा. बोर्डचा सिग्नल 5 व्होल्टचा असेल तर 390 ओहम सिग्नलच्या वाटेत आणि 100 ओहम तिथून ग्राउंडला, 3.3 व्होल्टचा असेल तर 240 आणि 110. पुढे 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे सुटे भाग चिल्लर किमतीत मिळतात, तेव्हा इथे काटकसर करण्यात आम्हांला अर्थ दिसत नाही.

आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट निवडून ग्राहकासमोर वाजवून दाखवावे. प्लगवर चिठ्ठी चिकटवून बोर्डचे नाव व बदललेला क्रम लिहावा, म्हणजे उद्या दुसऱ्या कारागिराने तेच ब्रॅकेट मूळ बोर्डवर लावले तर त्याचे नुकसान होणार नाही.