आई डाव्या कुशीवर झोपते

गेल्या आठवड्यात आईच्या डाव्या दंडावर ग्लुकोजचा सेन्सर लावला. नाण्याएवढी पांढरी चकती. तिसऱ्याच रात्री अडीच वाजता तिचा फोन किंचाळला : साखर 58. धडपडत जिना उतरले, बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलं, तर 112. सकाळीच अप्पामामांना गाठलं. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळांतले मॉनिटर दुरुस्त केले. या विषयावर त्यांना बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं.

"खोटं बोलतं का हो हे यंत्र?"

"यंत्राला कशाला नावं ठेवतेस? ताई कुठल्या कुशीवर झोपली होती?"

"डाव्या."

"झालं तर! सेन्सर रक्त तपासतच नाही. त्याचा केसासारखा तंतू कातडीखाली, पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर मोजतो. दंडावर अंगाचा भार पडला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो, तेवढ्याच जागेची साखर उतरते आणि सेन्सर इमानदारीत तेच कळवतो. कूस बदलली की आकडा परत वर. एरवीही तो रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागेच असतो."

"खोटा गजर मी सोसेन, मामा. पण खरा वाजलाच नाही तर?"

मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

"चकतीकडून फोनकडे निरोप जातो ब्लूटूथने, 2.4 गिगाहर्ट्झवर. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण तिथंच चालतो. अन्नातलं पाणी त्या लहरी शोषतं म्हणून तर अन्न तापतं. आणि आपण कोण? निम्म्याहून जास्त पाणीच. चकती डाव्या दंडाखाली दबलेली, फोन उजवीकडच्या टेबलावर, आणि मधे आख्खी ताई आडवी. लहर पोचणार कशी?"

"अगंबाई, आई तापायची नाही ना?"

"वेडी का काय! ओव्हन शेकडो वॅटचा, ही चकती मिलिवॅटच्या हिशेबातली."

"मग जरा जोर वाढवायचा."

"कुठून आणायचा? आत बटणाएवढा सेल, तो दहा-पंधरा दिवस पुरवायचा. मोजायला वीज थोडी लागते, बोलायला फार. छातीवरची ईसीजीची पट्टी सेकंदाला अडीचशे वेळा मोजते. सगळं ओरडून सांगत बसली तर सेल कधीच संपेल. म्हणून चिप आतल्या आत ठोके ओळखते आणि कामापुरतं कळवते. पेसमेकर तर छातीच्या आत, त्याच्यासाठी 402 ते 405 मेगाहर्ट्झचा पट्टा वेगळा राखलाय. तिथं लहर शरीरातून कमी झिजते. आणि 2012 साली अंगावरच्या यंत्रांच्या जाळ्यासाठी खास मानक झालं, 802.15.6. त्यात शरीरालाच तार करून निरोप धाडायची सोय आहे, 21 मेगाहर्ट्झच्या आसपास! बाजारानं काय उचललं? ब्लूटूथ. का, तर ते आधीच सगळ्यांच्या खिशात आहे म्हणून. अगं, मोंटानाच्या नॉर्मन होल्टरनं 1940 च्या दशकाच्या अखेरीस अडतीस किलोचं रेडिओयंत्र पाठीवर..."

"होल्टर नंतर, मामा. गजर."

"हो, हो. निरोप तुटला तरी नोंद हरवत नाही. चकती काही तासांचे आकडे पोटात ठेवते, फोनशी गाठ पडली की ओतते. सकाळी आलेख पुरा."

"सकाळी पुरा दिसून काय करू? साखर रात्री तीनला उतरली तर?"

"सिग्नल तुटल्याचाही गजर असतो. चालू आहे ना?"

मी चहात पाहिलं. "बंद केला. सारखा वाजायचा."

यानंतर पंधरा मिनिटं मी काही बोलले नाही. मामांनी एका इस्पितळाची कथा काढली. 'मॉनिटर वाजत नाही' अशी तक्रार आली म्हणून हे गेले, तर स्पीकरच्या जाळीवर ल्युकोप्लास्टची पट्टी, तीनपदरी. "यंत्र ठणठणीत! चिमटा सैल झाला तरी तोच पिंपिं, ठोका चुकला तरी तोच. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि चोवीस खाटा. त्यांनी तरी काय करावं? पण अहवालात मी पट्टी लिहिली, तर साहेब म्हणाले, खोडा." ते अजून त्यांच्या मनात आहे.

"दादाला डब्लिनमध्ये सगळं दिसतं की," मी सावरून घेतलं.

"दिसतं, पण ताईच्याच फोनमधून जातं. तो बहिरा झाला की डब्लिनही बहिरं."

"आणि वाटेत ही माहिती कोणकोण बघतं?"

"त्यासाठी 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे. एक दिवस सवडीनं ये. आज एवढं कर. पुढची चकती उजव्या दंडावर. फोन उशाशी, मधे माणूस नको. बॅटरी सेव्हर बंद, तो पाठीमागे चाललेलं अ‍ॅप झोपवून टाकतो. तुटल्याचा गजर चालू. आणि आकडा तब्येतीशी जुळला नाही तर बोट टोचायचंच. हं, आणि गजर वाजला तर उठणार कोण?"

"मी."

"वरच्या मजल्यावरून? पंखा पाचवर आणि दार लावून?"

त्या रात्री माझी गादी खाली आईच्या खोलीत आली.