तोरणागड : श्रीमेंगाईचे स्थान व परिसरातील देवराया

पानशेत मार्गावरील खानापूरहून पाबे घाट चढून आले की भाविकांना तोरण्याचा प्रचंड डोंगर दिसू लागतो. सुमारे १४०० मीटर उंचीच्या या गडाच्या पायथ्याशी वेल्हे हे गाव वसले आहे. गडावर तोरण जातीची झाडे विपुल होती, म्हणून तोरणा हे नाव पडले, असे सांगतात. इ. स. १६४६ च्या सुमारास शिवछत्रपतींनी हा गड घेतला व त्याचा विस्तार पाहून त्यास ‘प्रचंडगड’ हे नाव दिले. दुरुस्तीच्या वेळी येथे सापडलेले धन राजगडाच्या उभारणीस लागले, अशी परंपरा आहे. गडावर श्रीमेंगाई देवी व तोरणेश्वर महादेव यांची मंदिरे आहेत.

गडदेवतेप्रमाणेच वेल्हे व भोर भागातील अनेक गावांनी ग्रामदेवतेच्या नावे रान राखले. हीच देवराई होय. तेथील फांदी तोडू नये, वाळलेले लाकूडही घरी नेऊ नये, असा दंडक असे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले.

या श्रद्धेमागे व्यवहारही आहे. सह्याद्रीचा उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि पाऊस मुसळधार. जुन्या वृक्षांची मुळे माती धरून ठेवतात व पालापाचोळ्यातून पाणी हळूहळू खडकाच्या भेगांत मुरते. म्हणून राईजवळचा झरा उन्हाळ्यातही टिकतो. उतार उघडा पडला की तीच माती वाहून धरणात गाळ होऊन बसते. दाट राईत शेकरूला घरट्यासाठी उंच झाड व धनेशाला अंडी घालण्यासाठी ढोली मिळते. असे झाड वाढण्यास कित्येक पिढ्या लागतात.

पूर्वी राईतील देव बहुधा उघड्यावर, झाडाखालीच असे. पुढे भाविकांच्या देणग्यांतून ठिकठिकाणी जीर्णोद्धार झाले. हेतू उत्तम होता. परंतु सभामंडप व रस्त्यासाठी काही ठिकाणी राईतीलच वृक्ष तुटले. देवाला छप्पर मिळाले, पण देवाचे रान उणे झाले. यासाठी दान देताना बांधकामाचा आराखडा पाहावा, वृक्ष राखूनच काम होईल याची खात्री करावी. झऱ्याची डागडुजी, वणवा रोखणारे जाळपट्टे व राखणदाराचे मानधन यांसाठी दिलेले दानही देवकार्यच होय.

भाविकांस विनंती : गडावर व राईत प्लास्टिक टाकू नये. वाळलेल्या गवताजवळ विस्तव पेटवू नये. आग्या मोहोळाजवळ धूर, तीव्र अत्तर व गोंगाट टाळावा. पावसाळ्यात निसरड्या कड्यांवर जाऊ नये. वन्यजीवांना अन्न देऊ नये.

पूर्वजांनी देवाच्या नावे राखलेले हे रान पुढील पिढीच्या हाती अखंड सोपविणे, हीच श्रीमेंगाईची खरी सेवा होय.