ग्रामसभेत तरुणांचे स्थान

प्रश्न : आम्ही अठरा-एकोणीस वर्षांची काही मुलेमुली गावाच्या कारभारात लक्ष घालू इच्छितो, पण ‘पोरासोरांचे तिथे काय काम?’ असे वडीलधारे म्हणतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ज्यांची नावे पंचायतीच्या मतदारयादीत दाखल आहेत ते सर्व ग्रामसभेचे सभासद होत, आणि १९८९ पासून मताधिकाराचे वय १८ वर्षे असल्यामुळे तुमचे तेथील स्थान कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर कायद्याच्या अधिष्ठानावर उभे आहे. म्हणून प्रथम यादीत नाव नोंदवावे.

महाराष्ट्रात वित्तीय वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका व्हाव्या लागतात, आणि एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद हजर नसतील तर सभा तहकूब होते. तेव्हा नुसती उपस्थिती हेही नागरिकाचे कर्तव्यच ठरते.

मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. मागील सभेचे इतिवृत्त व पंचायतीचे अंदाजपत्रक वाचावे, नळपाणी वा शाळेची दुरुस्ती असा एकच प्रश्न निवडून त्याचा तपशील जमवावा, आणि तो लेखी अर्जाने सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्यापुढे ठेवावा. दप्तर दाखविण्यास टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्कासह अर्ज करावा; त्याचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

वडीलधाऱ्यांचा अनुभव आदराने ऐकावा, परंतु मंजूर ठरावाची अंमलबजावणी झाली की नाही, हे पुढच्या प्रत्येक सभेत विनयाने आणि निर्धाराने विचारीत राहावे.