सीलंट लावलं, पण पुढे?

सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे एक मोठी दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात पत्ताच लागत नाही. लागला तरी ‘दुधाचीच असेल, पडेल’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, कायमची असते. माझ्या मुलाच्या याच दाढेत काळपट रेघ दिसू लागली. दुखत नव्हती, खड्डाही नव्हता.

इथे वर्ध्यातल्याच एका दवाखान्यात सीलंट लावलं. दाढेच्या खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा केसही तळाशी पोचत नाही. कीड तिथेच धरते. पोकळी पडायच्या आत राळेसारख्या पातळ थराने खाच बंद केली, तर आतल्या जंतूंचं खाणं तुटतं आणि कीड जागच्या जागी थांबते. आधी आम्लाचा लेप, मग धुवायचं, वाळवायचं, वर राळ, मग निळा प्रकाश. सुई नाही, ड्रिल नाही. पण मुलगा सारखी जीभ लावत होता, दाढ कोरडी राहावी म्हणून ठेवलेला कापूस ओला झाला, तरी काम उरकलं गेलं. थुंकी लागली की सीलंट धरत नाही. पुन्हा दाखवायला या, असंही कुणी सांगितलं नाही.

पुढे थंड पाण्याने कळ यायला लागली. सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांनी हवेने दाढ सुकवून आरशात दाखवली: अर्धा थर शाबूत, अर्धा उडालेला, आणि तुटक्या कडेखाली तपकिरी खळगा. तिथे फिलिंगच करावं लागलं.

म्हणून सांगते, दाढ कोरडी कशी ठेवणार, हे आधी विचारा. ती अर्धवटच वर आली असेल तर ग्लास आयोनोमर लावतात. त्याला थोडी ओल चालते, फक्त ते लवकर निघतं. दोन दातांमधल्या फटीतल्या किडीला खाचेतल्या सीलंटचा उपयोग नाही. दर सहा महिन्यांनी थर तपासून घ्या. उडालेला असेल तर वेळेत पुन्हा लावता येतो. आमच्याकडे गोरसपाकाची गोड बिस्किटं बंद झालेली नाहीत (वर्ध्यात राहून ते जमायचं नाही), पण खाल्ल्यावर चूळ आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट सक्तीची आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून शाळांमध्ये मुलांना तपासतं, दातही बघतं. त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली तर दुखायची वाट न बघता त्याच आठवड्यात जा. बाराव्या वर्षाच्या सुमारास या पहिल्या कायमच्या दाढेमागे आणखी एक येते, तिलाही हेच लागू.