जुन्या डिझेल एंजिनाचा कायापालट

आगगाडीचे एंजिन जुने झाले म्हणजे त्याचे काय होते? भंगारात जाते, असे उत्तर बहुतेक जण देतील. पण ते नेहमीच खरे नसते. भारतात शेकडो डिझेल एंजिने अर्धे आयुष्य संपल्यावर पूर्णपणे उकलली गेली, नव्याने बांधली गेली आणि पहिल्यापेक्षा अधिक शक्तिमान होऊन रुळांवर परतली. हे कसे साधते, ते पाहू.

या लेखात गाडी ओढणाऱ्या संपूर्ण वाहनाला आपण ‘एंजिन’ म्हणू आणि त्याच्या पोटातील यंत्राला ‘डिझेल यंत्र’.

ओळख एका एंजिनाची

अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्याची ‘डब्ल्यूडीएम-२’ जातीची एंजिने भारतात १९६२ मध्ये आली. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून ती तयार होऊ लागली. नावातील ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद रूळमार्ग, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्यांसाठी उपयुक्त. वजन ११२.८ टन आणि शक्ती २,६०० अश्वशक्ती. डिझेल यंत्रात १६ सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास २२.९ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव २६.७ सेंटिमीटर. म्हणजे एका सिलिंडरात सुमारे ११ लिटर हवा मावते!

हे यंत्र चाके थेट फिरवीत नाही. ते विद्युत् जनित्र फिरवते आणि त्या विजेवर चाकांच्या आसांजवळील सहा मोटारी चालतात. डिझेल एंजिन हे एक प्रकारे फिरते वीजघरच होय.

काय ठेवायचे, काय बदलायचे?

अशा एंजिनाचे आयुष्य ३६ वर्षे धरले जाई. सुमारे १८ वर्षांनी त्याची पुनर्बांधणी करीत. यासाठी पंजाबातील पतियाळा येथे १९८१ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली.

तेथे एंजिन आले की ते सांगाड्यापर्यंत उकलले जाई. सांगाडा आणि चाकांच्या गाड्यांच्या चौकटी जाड पोलादाच्या असतात. त्या सहसा खराब होत नाहीत. मात्र त्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात. अशा भेगा शोधण्याची एक पद्धत सोपी आहे. स्वच्छ केलेल्या धातूवर रंगीत द्रव लावतात. तो भेगेत शिरतो. वरचा द्रव पुसून पांढरी भुकटी फवारली की भेगेतील रंग भुकटीत शोषला जातो आणि भेग रेषेसारखी उमटते. आसांची तपासणी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी करतात; भेगेवरून लहर परावर्तित होते.

जे भाग झिजतात ते मात्र बदलावे लागतात. दट्ट्यांची कडी, सिलिंडरांची अस्तरे, धारवे, विजेच्या तारांची आवरणे हे असे भाग होत.

शक्ती वाढली कशी?

सिलिंडर तेवढेच, तरी पुनर्बांधणीनंतर शक्ती ३,१०० अश्वशक्ती झाली. याचे रहस्य हवेत आहे. जास्त इंधन जाळायचे तर जास्त प्राणवायू हवा. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंवर एक टर्बाइन फिरते व ते हवा दाबून सिलिंडरात भरते. हा टर्बो अधिक कार्यक्षम बसवला आणि इंधन फवारणारे पंप मोठे घेतले की त्याच जागेत अधिक ज्वलन होते.

दुसरा बदल जनित्राचा. जुन्या एकदिश जनित्रात सगळा प्रवाह फिरत्या दिक्परिवर्तकावर घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशांतून बाहेर येई. ठिणग्या उडत, ब्रश झिजत. नव्या प्रत्यावर्ती जनित्रात मुख्य प्रवाह स्थिर वेटोळ्यांत निर्माण होतो आणि सिलिकॉनचे एकदिशकारक त्याला एकदिश करतात. देखभाल बरीच कमी होते.

तिसरा बदल ब्रेकचा. निर्वात ब्रेकमध्ये दाबातील फरक एका वातावरणाहून अधिक होऊच शकत नाही. हवादाबाच्या ब्रेकमध्ये नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम असतो. त्यामुळे लांब, जड गाड्या अधिक खात्रीने थांबवता येतात.

थोडे गणित

शक्ती वाढली म्हणून गाडी सुरू करतानाची ओढ वाढली का? नाही! ती चाक व रूळ यांच्यातील घर्षणावर अवलंबून असते. घर्षणांक पाव धरला, तर ११२.८ टनांच्या एंजिनाची कमाल ओढ सुमारे २८ टन. याहून जास्त जोर लावला तर चाके जागच्या जागी घसरतील. वजन तेच राहिले, म्हणून ही मर्यादाही तीच.

फायदा दिसतो तो वेगात. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर. शक्तीचा ८० टक्के भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे मानू. मग ताशी ६० किलोमीटर वेगाला जुने एंजिन सुमारे ९.४ टन ओढ देईल, तर नवे ११.२ टन. चढावर हा फरक फार मोलाचा ठरतो.

पुढे काय?

आता प्रश्न बदलला आहे. रूळमार्गांवर विजेच्या तारा पसरल्या. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला तेव्हा गाड्या डिझेलवर धावत. त्याचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. मग अजून सुस्थितीत असलेल्या डिझेल एंजिनांचे काय करायचे? वाराणसीत दोन डिझेल एंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचे विजेचे जोड-एंजिन बनवले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. भारताने वापरलेली डिझेल एंजिने बांगलादेशालाही दिली: जुलै २०२० मध्ये १० आणि मे २०२३ मध्ये २०.

शंभर टनांहून अधिक वजनाची वस्तू मोडीत काढण्यापूर्वी तिचा कोणता भाग खरोखर निकामी झाला आहे, हे तपासणे म्हणजेच अभियांत्रिकी. पोलाद वितळवण्यास कोळसा व वीज लागते. वाचलेला सांगाडा ती वाचवतो.

तुम्ही सोडवा : वरीलप्रमाणेच ८० टक्के शक्ती चाकांना मिळते असे मानून, दोन्ही एंजिने २८ टनांची पूर्ण ओढ ताशी किती किलोमीटर वेगापर्यंत देऊ शकतील ते काढा. उत्तरे सुमारे २० आणि २४ आली, तर तुमचे गणित बरोबर आहे.