सातपुड्यातील हिवाळा आणि वसतिगृहातील मुलींची वेणी

मार्गशीर्ष लागला की सातपुड्याच्या या पट्ट्यात हवेचे रूप पालटते. डाब, तोरणमाळ अशा उंच पठारांवर कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याची वार्ता अधूनमधून कानी येते आणि मोलगीतही पहाटे नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. मुलींच्या वसतिगृहात याच दिवसांत एक ठरलेले गाऱ्हाणे ऐकू येते: विंचरताना केस तुटतात, डोक्यातून पांढरे पापुद्रे गळतात, वेणीची टोके फाटतात. हा विषय काहींना स्मरणिकेत स्थान देण्याइतका महत्त्वाचा वाटणार नाही. परंतु केसांवर मुलीच्या आहाराची, आजाराची आणि तिला मिळालेल्या वागणुकीची खूण राहते. म्हणून त्याचा शास्त्रशुद्ध विचार येथे करू.

प्रथम हवेचा. थंड हवा फार थोडी वाफ धारण करू शकते. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम वाफ मावते; २८ अंशाच्या हवेत सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे पहाटेची धुक्याने भरलेली, ओथंबलेली वाटणारी हवा दुपारी तापली की तिच्यातील आर्द्रता क्षमतेच्या जेमतेम एक तृतीयांश उरते. ही कोरडी हवा ओठांतून, टाचांतून आणि केसांतून ओलावा ओढून घेते. केस ओलाव्याला किती संवेदनशील असतो, हे होरास बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच दाखवून दिले. मानवी केस पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला असता शेकडा दोन ते अडीचने लांब होतो, या गुणावर त्याने आर्द्रतामापक बनवला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या विज्ञानवर्गाला हा प्रयोग सहज करता येईल. कंगव्यात आलेला एक लांब केस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात स्वच्छ करून तेलकटपणा घालवावा, एक टोक खिळ्याला चिकटवावे, दुसरे एका हलक्या काट्याला. सकाळ-दुपारच्या नोंदी घ्याव्यात.

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. बाहेर आलेल्या केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. ते मिटलेले असले की केस चमकतो, उचकटले की खरखरीत होतो व एकमेकांत गुंततो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने ५० सेंटिमीटर लांब वेणीचे टोक चार वर्षांहून जुने असते. नववीतल्या मुलीच्या वेणीचा शेंडा ती पाचवीत असताना उगवलेला असतो. तेवढी वर्षे ऊन, धूळ, साबण व कंगवा सोसलेल्या त्या टोकाला मुळांपेक्षा अधिक जपले पाहिजे. आपल्याकडे मात्र सारे तेल टाळूवर थापले जाते आणि टोके कोरडीच राहतात.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. पहाटेच्या वंदनेपूर्वी, प्रार्थनेची घंटा डोक्यावर असताना, शंभर मुलींनी थंड पाण्याने न्हाऊन ओल्या केसांच्या घट्ट दोन वेण्या घालायच्या, त्या दुमडून लाल फितीने वर बांधायच्या, हा आपल्या निवासी शाळांचा सर्रास परिपाठ आहे. शास्त्रदृष्ट्या याहून अयोग्य क्रम सुचवणे अवघड. ओला केस फुगतो, त्याचे खवले उघडतात, तो कोरड्या केसापेक्षा कितीतरी अधिक ताणला जातो आणि त्याच अवस्थेत सहज तुटतो. शिवाय आत दमट राहिलेली वेणी संध्याकाळपर्यंत वाळत नाही. टाळूला कुबट वास येतो, खाज सुटते. उपाय वेळापत्रकात आहे. डोक्यावरून स्नान आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, रविवारी वा सुट्टीच्या दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्याने व्हावे. केस पंचाने टिपावेत, झटकू वा घासू नयेत, उन्हाच्या कडेला बसून वाळवावेत आणि मगच वेणी घालावी. इतर दिवशी मानेखालून स्नान पुरे. एवढा बदल अधीक्षिकांच्या हाती आहे. त्याला निधी लागत नाही.

कपडे धुण्याची पावडर वा वडीचा साबण केसांना लावू नये. त्यांचा क्षारधर्म खवले उचकटतो, आणि पाणी दुष्फेन असेल तर साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई सौम्य आम्लधर्मी असल्याने उत्तम. रिठाही चालतो, डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये. तेलांमध्ये खोबरेल केसाच्या आत शिरते व धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे रेळे व मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले; सूर्यफुलाच्या तेलाने वा खनिज तेलाने तसे घडले नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष ग्राह्य वाटतो. तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री, थोडेसे, मधल्या भागापासून टोकांपर्यंत चोळावे. थंडीत खोबरेल गोठते, तेव्हा बाटली उन्हात ठेवावी. ज्यांच्या घरी मोहाच्या बियांचे तेल असते, त्यांनी ते वापरण्यात संकोच मानू नये. ज्या मुलीला कोंडा आहे तिच्या टाळूवर मात्र तेल नको. कोंडा वाढवणारी सूक्ष्म बुरशी तेलातील स्निग्धांशावरच पोसते.

वेणी किती घट्ट असावी? विणून झाल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या वा कपाळाच्या कडेला बारीक पुरळ उठले, तर ती फार घट्ट आहे. सततच्या ताणाने कपाळाकडचे केस कायमचे जातात. हा प्रकार १९०७ साली, केस घट्ट आवळून बांधणाऱ्या ग्रीनलंडमधील स्त्रियांमध्ये प्रथम नोंदवला गेला. भांग दर आठवड्याला बदलावा, रबराऐवजी कापडी फीत वापरावी आणि रात्री दुमडलेल्या वेण्या सोडून एकच सैल वेणी घालावी.

उवांविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण येथे अज्ञान जिवावर बेतू शकते. केसांना रॉकेल वा शेतातील कीटकनाशक लावणे सर्वथा वर्ज्य समजावे. टाळूतून विष शरीरात भिनते, आणि शेगडीजवळ रॉकेल लावलेली मुलगी पेटू शकते. उवा अस्वच्छतेने होत नाहीत, डोक्याला डोके लागल्याने होतात. थंडीत एका गोधडीत दोघी-तिघी झोपल्या की प्रसार वाढतो. अंडी मुळाशी चिकटलेली असतात व सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून १ टक्का पर्मेथ्रिनचे औषध एकदा लावून भागत नाही, सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे लागते. खोलीतील सर्व बाधित मुलींचा उपचार एकाच दिवशी व्हावा. मधल्या काळात ओल्या केसांतून, भरपूर तेल लावून, दर दोन-तीन दिवसांनी बारीक फणी फिरवावी. फणी प्रत्येकीची वेगळी असावी.

उवा झाल्या म्हणून मुलीचे केस भादरणे हा काही ठिकाणचा झटपट उपाय. भिक्षुसंघात मुंडन स्वेच्छेने स्वीकारले जाते; सक्तीचे मुंडन ही अगदी निराळी गोष्ट आहे. अशा मुलीला वर्गात बसणे नकोसे होते, आणि जे काम फणीने व औषधाने पंधरवड्यात होते त्यासाठी ही किंमत देण्याचे कारण नाही.

शेवटी, जे तेलाने बरे होत नाही त्याविषयी. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. ताप वा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात व पुढे परत येतात. पावसाळ्यातील हिवतापाचा परिणाम असा हिवाळ्यात दिसतो आणि दोष थंडीला दिला जातो. पण केस तांबूस, विरळ, सहज उपटून येणारे होत असतील, किंवा एकाच केसावर फिकट व गडद पट्टे दिसत असतील, तर ते प्रथिनांच्या अभावाचे लक्षण असू शकते: पोटभर जेवण मिळालेल्या महिन्यांचा पट्टा गडद, उपासमारीचा फिकट. आपल्या जिल्ह्यात कुपोषण ही ऐकीव गोष्ट नव्हे. सुट्टीहून परतलेल्या मुलीच्या केसांकडे अधीक्षिकेने या दृष्टीने पाहावे. दम लागणे, डोळ्यांच्या आतली बाजू फिकट दिसणे यांसह केस गळत असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बारा वर्षांवरील मुलींत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. सिकलसेल आजार असलेल्या मुलीला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. टाळूवर गोल टक्कल पडले तर त्यावर पापुद्रे आहेत की त्वचा गुळगुळीत आहे, हे पाहावे. गुळगुळीत असेल तर ती बहुधा चाई, जी संसर्गजन्य नसते. पापुद्रे व तुटके खुंट असतील तर बुरशीचा संसर्ग, ज्याला नुसते मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. दोन्ही प्रसंगी मुलीला मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात त्याच आठवड्यात न्यावे, आणि तोवर तिची फणी, उशी व पंचा वेगळा ठेवावा.