यंदाची बाग तुझ्या हाती

देवगड,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. ओंकार,

ताईच्या बाळंतपणासाठी मी आणि काकू येत्या आठवड्यात ब्रिस्बेनला निघतोय. परत येईस्तोवर फेब्रुवारी सरेल, म्हणजे मोहोराचा सगळा हंगाम तुलाच सांभाळायचा आहे. एरवी हे मी तोंडीच सांगितलं असतं. पण यंदाचं साल वेगळं आहे, म्हणून लिहून देतोय. पत्र बागेतल्या मांगरात ठेव.

यंदा पाऊस २५ मेलाच देवगडात पोचला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी, आणि दिवाळी उलटली तरी हटला नाही. कापलेलं भात भिजलं ते तू पाहिलंसच. भाताचं नुकसान लगेच दिसतं, आंब्याचं उशिरा कळतं. पाऊस थांबला की कातळावरची माती सुकते, झाडाला ताण बसतो, वर रात्रीचा गारवा पडतो, तेव्हा कुठे पक्व काडीतून मोहोर बाहेर येतो. यंदा ताण बसायच्या दिवसांत मुळं ओलीच राहिली. वरच्या कातळावरच्या काही झाडांचे डोळे आता फुगलेत, आणि व्हाळाकडच्या झाडांना चक्क तांबूस पालवी आली आहे. ती पालवी जून व्हायला अडीच-तीन महिने घेईल. त्या झाडांवर जोर करू नकोस. दुकानदार मोहोर काढून देणारं काहीबाही सांगेल, घेऊ नकोस. व्हाळाकडच्या झाडांचा आंबा उशिरा येईल, मेअखेरच्या पावसात सापडण्याची भीती आहे, तेव्हा तो कॅनिंगला जाईल असंच धरून चाल.

माझं मुख्य सांगणं एवढंच, की यंदा सगळ्या बागेला एका दिवशी एक औषध मारायचं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक मांगराच्या भिंतीवर आहे. ते चांगलं आहे, पण नीट वाच. पालवी, बोंगे, उमललेला मोहोर, कणी, वाटाणा अशा झाडाच्या अवस्था त्यात दिल्या आहेत. शेजारी पंप सुरू झाला की आपणही सुरू करावा असं वाटतं. त्या वेळी पंपाला हात लावण्याआधी झाडाखाली जा. कोवळी फांदी हलकीशी हलव. तुडतुडे असतील तर तिरके उडून पुन्हा तिथेच बसतात. पानावर बोट फिरव, चिकट लागलं तर समज त्यांनी रस ओढायला सुरुवात केली आहे. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. ढगाळ, दमट हवेत ते झपाट्याने वाढतात आणि पालवीवरचे पुढे मोहोरावर जातात, म्हणून ज्या झाडांवर ते दिसतील त्यांना पालवीतच आवर. मात्र फुलं उमलली की कीटकनाशकाचं नाव काढू नकोस. हापूसच्या मोहोरात नर फुलंच जास्त, फळ धरणारी थोडी. तेवढ्यांसाठी माश्या आणि मधमाश्या जगायला हव्यात.

मोहोरावर पाऊस पडलाच तर सकाळीच फांद्या हलवून पाणी झाडून टाक आणि मग करप्याचं बुरशीनाशक घे. गार, ढगाळ सकाळी मोहोरावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, तिला गंधक. जानेवारीत थंडीचा कडाका वाढला तर कणी धरलेल्या झाडांनाच पुन्हा मोहोर फुटतो आणि पहिली फळं गळतात. त्यासाठीचं जिबरेलिक ॲसिड वेळापत्रकात आहे. मोहोर पूर्ण उमलल्यावर एकदा आणि फळ वाटाण्याएवढं झाल्यावर एकदा, तेही ज्या झाडांची ती अवस्था असेल त्यांनाच. प्रत्येक ओळीची नोंद वहीत ठेव, नाहीतर दोन-दोन हंगाम चालणाऱ्या बागेत काय कुठे मारलं ते आठवणार नाही.

झाडांखालचं वाळलेलं गवत जाळू किंवा उचलू नकोस. कातळाची धग फळाला लागली की गर खराब होऊन साका वाढतो. ते आच्छादन मेपर्यंत तसंच राहू दे.

नेपाळहून राखणदार येतील. त्यांच्या पोरांच्या शाळेची चौकशी कर. फवारणीला मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणाला पंप द्यायचा नाही, आणि वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून कुणी फवारायचं नाही. पेटीचा भाव कितीही असो, माणसाच्या जिवाशी त्याची बरोबरी करू नये.

ब्रिस्बेनला तेव्हा उन्हाळा असेल. लोकांच्या परसातल्या आंब्यांना डिसेंबर-जानेवारीत फळ असतं म्हणे. ती झाडं कशी वाढली आहेत ते मला बघायचंय. बागेतले बूट मी घासून धुवून ठेवलेत, कारण तिथे विमानतळावर मातीचा कणही चालत नाही. बियाणं, पानं काही नेत नाही. ताईने कढीपत्त्याचं रोप मागितलं होतं, तिलाही नाही म्हटलं.

तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असतं, तेव्हा फोन दुपारी चारच्या आत कर. आभाळाचे फोटो पाठवू नकोस, काडीचे जवळून काढून पाठव. पंपाचे जादा नोझल आणि वॉशर मांगरातल्या वरच्या फळीवर आहेत.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका